अल्माझ उर्फ सॅल्यूट ३ चा रिव्ह्यू: आधी कॅमेरा, मग घर

तोफ असलेलं सोव्हिएत स्पेस स्टेशन म्हणून अल्माझचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं आणि त्याच्यापुढे फारसं कोणी जात नाही, म्हणून हा रिव्ह्यू लिहायला घेतला. तोफेबद्दलही लिहिणार आहे, पण बरंच खाली, कारण माझ्या मते त्या अख्ख्या मशीनमधली सगळ्यात कमी कामाची वस्तू तीच होती. अल्माझ म्हणजे खरं तर एक अवाढव्य कॅमेरा. तो चालवायला दोन माणसं लागणार म्हणून त्याच्याभोवती हवा, पलंग, टेबल, ट्रेडमिल असं सगळं बसवलेलं. हे एकदा डोक्यात बसलं ना, की कुठली वस्तू कुठे आहे आणि का आहे ते आपोआप उलगडत जातं, आणि पुढे जे बिघडलं ते का बिघडलं तेही.

मार्क आधीच देऊन टाकतो. कॅमेरा आणि स्टेशनची स्थिरता, पाचपैकी पाच. राहायची सोय साडेतीन. दरवाजा, म्हणजे डॉकिंग, यान येऊन स्टेशनला जोडणं, दीड. हवा दोन. तोफेला मी मार्क देत नाही, कारण ती ज्या कामासाठी होती ते काम कधी आलंच नाही.

आता नावाचा घोळ. सोव्हिएत युनियनमध्ये १९६४ साली व्लादिमीर चेलोमेय यांच्या डिझाईन ब्युरोत, मॉस्कोजवळच्या रेऊतोव इथे, हे काम सुरू झालं. आदल्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेनं एअर फोर्सचं एमओएल नावाचं लष्करी स्टेशन जाहीर केलेलं, त्याला हे उत्तर. प्रोजेक्टचं खरं नाव अल्माझ म्हणजे हिरा, पण जगाला सांगायचं नाव सॅल्यूट, कारण सॅल्यूट १ हे शास्त्रीय कामाचं स्टेशन १९७१ मध्ये आधीच वर गेलेलं आणि त्याच नावाखाली हेही खपून जाईल असा हिशोब. त्यामुळे सॅल्यूट २, ३ आणि ५ ही लष्करी, आणि १ आणि ४ दुसऱ्या ब्युरोची, सिव्हिलियन. खपलं मात्र फारसं नाही. सॅल्यूट ३ साधारण २७० किलोमीटर उंचीवर फिरत होतं, सॅल्यूट ४ मात्र साधारण ३५० वर, शिवाय ३ चा रेडिओ लष्करी उपग्रहांच्या फ्रीक्वेन्सीवर बोलायचा, आणि वर जाणारे सगळे फौजी अधिकारी, एकही सिव्हिलियन इंजिनिअर नाही, त्यामुळे बाहेरून कान लावून बसलेल्या लोकांना काय चाललंय ते कळलंच.

मी रिव्ह्यू मुख्यतः सॅल्यूट ३ चा करतोय. सॅल्यूट २ एप्रिल १९७३ मध्ये वर गेलं आणि दोनेक आठवड्यांत त्यातली हवाच निघून गेली, माणूस आत पोचायच्या आधीच खेळ खलास. आधी स्टेशनमध्येच दोष आहे असं वाटलेलं, नंतरचा अंदाज असा की त्याला वर नेणाऱ्या प्रोटॉन रॉकेटचा शेवटचा टप्पा जवळच्याच कक्षेत राहिला, टाक्यांमधल्या दाबानं फुटला आणि त्याचे तुकडे स्टेशनला लागले. म्हणजे डिझाईनचा दोष नसताना पहिलं युनिट गेलं, म्हणून त्याचे मार्क मी कापत नाही.

या स्टेशनच्या आत मी गेलेलो नाही आणि आता कोणालाच जाता येणार नाही, ते १९७५ मध्येच जळून गेलं. पण नुसत्या आकड्यांवरून जागेचा अंदाज येत नाही हा माझा जुना अनुभव आहे, म्हणून मी गच्चीवर खडूनं खऱ्या मापात सगळं आखलं. लांबी १४.५५ मीटर, ती एका सरळ रेषेत बसेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी काढले. पुढचा भाग अरुंद, २.९ मीटर व्यासाचा, मधला रुंद, ४.१५ मीटरचा, आणि मागे गोल आकाराची छोटी खोली जिच्या टोकाला डॉकिंगचं तोंड. मग त्या आकृतीत पलंगाच्या जागी सतरंजी टाकली, टेबलाच्या जागी खोका ठेवला आणि दोघं जण आत फिरून बघितलं. आतली मोकळी जागा साधारण ९० घनमीटर, म्हणजे तीन मीटर उंचीची आणि ३० चौरस मीटरची एक खोली. दोन माणसांना पंधरा दिवस, वाईट नाही, माणसांना वर नेणाऱ्या सोयूझ यानाच्या डब्याशी तुलना केली तर राजवाडाच.

राहायचा भाग पुढे, अरुंद बाजूला. तिथे एक पक्का पलंग आणि एक घडीचा. दोन माणसांच्या घरात एक पलंग पक्का आणि दुसरा घडीचा हे आखताना मला जरा खटकलं, पण मग पाठीमागच्या रुंद भागात कॅमेऱ्यानं किती जागा खाल्लीय ते आखलं आणि कळलं की इथे झोपायला जागा उरलीय हेच खूप आहे. जमिनीला वेल्क्रो लावलेलं, म्हणजे वजन नसलं तरी पाय कुठेतरी टेकवता येतात आणि खाली कुठलं वर कुठलं हे ठरलेलं राहतं. आजकालच्या स्टेशनवर लोक मजेत उलटे पालटे तरंगताना दिसतात म्हणून हा प्रकार जुनाट वाटेल, पण ज्याला दिवसभर खाली बघून काम करायचंय त्याच्यासाठी खाली म्हणजे खालीच राहणं गरजेचं आहे, मला तरी हे पटलं. वेळ घालवायला लोहचुंबकाचा बुद्धिबळाचा सेट, थोडी पुस्तकं, टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी. व्यायामाला ट्रेडमिल आणि पेंग्विन नावाचा सूट, ज्यात इलॅस्टिकचे पट्टे शिवलेले असतात आणि अंग हलवायचं तर त्यांच्याविरुद्ध जोर लावावा लागतो. हवेतला ओलावा गोळा करून पाणी पुन्हा वापरायची प्रिबोय नावाची सिस्टिमही इथे तपासली गेली, आणि ही गोष्ट मला तोफेपेक्षा कितीतरी मोठी वाटते, कारण आज सहा सहा महिने वर राहणारी माणसं त्याच कल्पनेवर जगतात.

आता कॅमेरा. इथे मी थांबणार आहे, घाई नाही.

त्याचं नाव अगात, म्हणजे अकीक. हिऱ्याच्या पोटात अकीक, नावं ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलीयत. फोकल लेंथ ६.३७५ मीटर. साध्या कॅमेऱ्याच्या लांब लेन्सची फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये मोजतात, ३०० मिलिमीटर म्हटलं की लोक वा म्हणतात, ही ६३७५ मिलिमीटर. आता ४.१५ मीटरच्या नळीत ६.३७५ मीटर कसे मावणार, तर आरशांनी प्रकाशाची वाट दुमडून. रुंद भागाच्या जमिनीपासून छतापर्यंत हे यंत्र उभं, म्हणजे त्या खोलीत तुम्ही राहता असं म्हणण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या कडेकडेनं वावरता. माझ्या खडूच्या आकृतीत त्याच्यासाठी गोल काढला आणि मग उरलेल्या पट्टीतून चालायला लागलो तर खांदा सारखा रेषेबाहेर जात होता. फिल्म ५० सेंटिमीटर रुंदीची. अर्धा मीटर! डिजिटलच्या काळात वाढलेल्यांना याचा अर्थ पोचणार नाही कदाचित, पण एवढ्या रुंद फिल्मवर एवढ्या लांब लेन्सनं काढलेल्या एका फोटोत जी माहिती मावते ती तेव्हाच्या टीव्ही कॅमेऱ्यात कुठल्याच हिशोबानं मावली नसती. सोव्हिएत काळानंतर जे बाहेर आलं त्यानुसार जमिनीवरचं तीन मीटरपेक्षा बारीक दिसायचं, काही जण एक मीटरच्या जवळ म्हणतात. तीन धरले तरी धावपट्टीच्या कडेला किती विमानं उभी आहेत ते मोजता येतं.

आणि खरी कमाल पुढेच आहे. त्या उंचीवर स्टेशनखालची जमीन सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगानं मागे पळते. शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढं जरी उघडं राहिलं तरी तेवढ्यात जमीन सत्तरएक मीटर सरकलेली असते, आणि तुम्हाला दिसायला हवेत तीन मीटर. म्हणजे लेन्स कितीही भारी असू दे, पळणारी जमीन कुठल्या तरी उपायानं थोपवून धरल्याशिवाय फोटोत नुसती फराटे मारलेली राख. त्याच्यासाठी एक दुर्बीण दिलेली, खालचं दृश्य एका जागी धरून ठेवणारी, तिच्यातून बघताना ठिकाण थिजल्यासारखं स्थिर राहतं आणि माणूस नीट बघून ठरवतो की इथे कॅमेरा चालवायचा का. शिवाय पेरिस्कोप होता, स्टेशनच्या आजूबाजूला कोणी येतंय का बघायला, पाणबुडीला असतो तसा.

हे सगळं चालायला स्टेशनचं पोट सतत पृथ्वीकडे असायला हवं, आणि नुसतं असायला नाही तर न डुलता असायला हवं. इतर स्टेशनं फोटोपुरती वळायची आणि मग सूर्याकडे पाट्या करून बसायची, इथे सोलर पॅनेलच स्वतः फिरून सूर्य शोधायची आणि स्टेशन खाली बघतच राहायचं. त्यासाठी छोटे थ्रस्टर पाच लाखांच्या आसपास वेळा उडाले असं सांगतात, पाच लाख, सात महिन्यांच्या आयुष्यात, आणि थ्रस्टरांचं इंधन वाचावं म्हणून जड चाकं फिरवून स्टेशनची दिशा सांभाळायची इलेक्ट्रिक पद्धतही त्यात बसवलेली. आतमध्ये एक माणूस ट्रेडमिलवर धावतोय, दुसरा कपाट उघडतोय, आणि तरीही कॅमेरा हलत नाही. पाचपैकी पाच मी उगाच दिलेले नाहीत.

फोटो काढल्यावर खाली कसे पाठवायचे हा भाग पण फार विचार करून केलेला. दोन रस्ते होते. घाईचं काही असेल तर फिल्म तिथेच, वरच, डेव्हलप करायची, माणसानं ती टेबलावर घेऊन बघायची, कामाचा तुकडा निवडायचा आणि तो टीव्हीसारखा स्कॅन करून रेडिओनं खाली पाठवायचा, सगळं मिळून साधारण अर्ध्या तासात. सत्तरच्या दशकात! तेव्हाचे फिल्मवाले हेर उपग्रह फिल्म संपायची वाट बघायचे, मग डबा खाली पडणार, मग कोणीतरी तो उचलणार, मग लॅब, त्यात दिवस जायचे आणि कधी कधी आठवडे. इथे माणूस वर ठेवण्याचं एकमेव खरं कारण मला दिसतं ते हेच, की त्याला डोळे आहेत आणि तो ठरवू शकतो की हा फोटो आत्ता पाठव आणि ढगाचा राहू दे. दुसरा रस्ता म्हणजे कॅप्सूल. ३६० किलोची, ८५ सेंटिमीटर व्यासाची, १२० किलो माल मावेल अशी, त्यात दोन किलोमीटर फिल्म गुंडाळून भरायची, मागच्या गोल खोलीतून बाहेर सोडायची, ती स्वतःभोवती फिरून स्थिर होते, स्वतःचं छोटं रॉकेट पेटवते आणि पॅराशूटनं उतरते. सॅल्यूट ३ ची कॅप्सूल २३ सप्टेंबर १९७४ ला खाली आली, उतरताना चेपली, पण फिल्म वाचली. कुरियरला मी चार मार्क देईन, एक चेपल्याबद्दल कमी.

माणसं कोण होती तेही सांगायला हवं, मशीनचा रिव्ह्यू वापरणाऱ्याशिवाय अर्धाच. ३ जुलै १९७४ ला सोयूझ १४ मधून पावेल पोपोविच आणि युरी आर्त्युखिन गेले, १९ जुलैला परत आले. पोपोविच म्हणजे १९६२ मध्ये वोस्तोक ४ मधून गेलेला जुना गडी. यानाच्या ऑटोमॅटिक सिस्टिमनं जवळ आणून दिल्यावर शेवटचा टप्पा त्यानं हातानं पार पाडला. रॉकेटं सुटायची त्या बैकोनूरच्या आसपास जमिनीवर मुद्दाम मांडून ठेवलेल्या वस्तू वरून दिसतात का हेही तपासलं. १९७१ च्या जूनमध्ये सॅल्यूट १ वरून परतताना यानातली हवा निघून गेल्यानं सोयूझ ११ चे तिघेही मरण पावले होते, त्यानंतर स्टेशनवर राहून सुखरूप परत आलेली ही सोव्हिएत युनियनची पहिलीच जोडी, हे मला या सगळ्या कॅमेरा आणि फिल्मपेक्षा मोठं वाटतं. त्या तिघांच्या अंगावर प्रेशर सूट नव्हते कारण तिघांना सूट घालून बसायला जागाच नव्हती, नंतर सोयूझमध्ये सूट घातलेली दोनच माणसं जाऊ लागली.

तर तोफ. २३ मिलिमीटर, आर-२३एम, टोपणनाव कार्तेच, टीयू-२२ बॉम्बरच्या शेपटीत बसायची त्या तोफेपासून अरोन रिख्तेर यांच्या टीमनं केलेली. कल्पना अशी की अमेरिकेचं एखादं यान तपासणी करायला किंवा काही खोडी काढायला जवळ आलं तर. ती बुरुजासारखी फिरणारी नव्हती, पोटाला घट्ट बसवलेली, म्हणजे नेम धरायचा तर १८-१९ टनांचं अख्खं स्टेशन वळवायचं, पलंग, टेबल, बुद्धिबळ, कॅमेरा सगळ्यासकट. आता मघाशी वर काय लिहिलं आठवा, पोट सतत खाली, जराही डुलायचं नाही. एका बाजूला हलू नये म्हणून एवढा जीव टाकायचा आणि दुसऱ्या बाजूला अशी वस्तू लावायची जी वापरायची तर स्टेशन गरागरा वळवावं लागेल आणि वर धक्का बसेल तो वेगळा, तो थ्रस्टर लावून सावरायचा. हे दोन्ही एका घरात नांदणं मला पटत नाही. शिवाय अवकाशात गोळी चुकली की ती कुठे मातीत रुतत नाही, ती स्वतःची कक्षा धरते. चाचणी केली ती २४ जानेवारी १९७५ ला, वर कोणी नसताना, जमिनीवरून कमांड देऊन, २० च्या आसपास गोळ्या सोडल्या असं सांगतात, आणि त्याच दिवशी स्टेशन खाली आणून जाळलं. माणसं आत असताना उडवली नाही यातच सगळं आलं. सॅल्यूट ५ वर तोफ बसवलीच नाही, पुढच्या स्टेशनसाठी तोफेऐवजी छोट्या क्षेपणास्त्रांचा विचार होता, ते स्टेशन उडालंच नाही. म्हणून म्हटलं, मार्क कशाला द्यायचे.

आता तक्रारी, आणि या गंभीर आहेत, कारण यात माणसांचे जीव टांगणीला लागले.

पहिली म्हणजे दरवाजा. एकच डॉकिंगचं तोंड, मागे. एक यान लागलं की दार बंद, दुसरं येऊच शकत नाही. चेलोमेय यांनी मुळात यासाठी स्वतःचं मोठं यान डिझाईन केलेलं, टीकेएस, तीन माणसं आणि भरपूर सामान नेणारं. ते वेळेत तयार झालं नाही, आणि मग दुसऱ्या ब्युरोचं सोयूझ वापरावं लागलं. त्या काळातलं हे सोयूझ सोलर पॅनेल काढून टाकलेलं, नुसत्या बॅटरीवर, एकट्यानं दोनेक दिवसच तग धरणारं. म्हणजे पोचलात तर ठीक, नाही पोचलात तर परत, दुसरा चान्स जवळपास नाहीच. आणि जोडायची सिस्टिम इग्ला, म्हणजे सुई, तीच नेमकी दगा द्यायची. ऑगस्ट १९७४ मध्ये सोयूझ १५ मधून गेनादी साराफानोव आणि लेव्ह द्योमिन गेले, यान स्टेशनच्या जवळ आलेलं असताना सिस्टिमला वाटलं अजून लांब आहे आणि तिनं वेग वाढवला, म्हणजे विचार करा, समोर १९ टनांचं घर आणि तुमची गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतेय. धडक झाली नाही, पण जोडणीही झाली नाही आणि दोन दिवसांत परतावं लागलं. द्योमिन तेव्हा ४८ वर्षांचे, अवकाशात गेलेले पहिले आजोबा, आणि घराच्या दारापर्यंत जाऊन आत पाय ठेवता आला नाही. मला हे वाचून खूप वाईट वाटलेलं.

सॅल्यूट ५ च्या वेळी तर त्याच्याहून वाईट. ऑक्टोबर १९७६ मध्ये सोयूझ २३, व्याचेस्लाव झुदोव आणि व्हालेरी रोझ्देस्त्वेन्स्की, पुन्हा डॉकिंग फसलं, पुन्हा दोन दिवसांत परत, आणि उतरलं कुठे तर कझाकस्तानातल्या तेंगीझ तलावात, रात्री, कडाक्याच्या थंडीत. रात्रभर त्या डब्यात. सकाळी हेलिकॉप्टरनं ओढत काठावर आणलं. रोझ्देस्त्वेन्स्की आधी नौदलात खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या पथकात होते, त्यांच्या वाट्यालाच हे यावं. पाच वेळा दारापर्यंत जाऊन दोनदा आत न जाता परतावं लागतं, अशा दरवाजाला दीडपेक्षा जास्त मार्क कसे देणार, आणि तो दीडही पोपोविचच्या हातासाठी.

दुसरी तक्रार हवा, आणि ही सॅल्यूट ५ ची आहे. जून १९७६ मध्ये ते गेलं, जुलैत बोरिस व्होलिनोव आणि विताली झोलोबोव आत राहायला आले. सायबेरियातल्या लष्करी सरावावर नजर ठेवणं वगैरे कामं चालू होती. बेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास अचानक अलार्म वाजला, दिवे गेले आणि स्टेशन गप्प झालं, हे व्होलिनोव यांनी नंतर सांगितलंय. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, काळोखात, पंख्यांचा आवाजसुद्धा नाही. वर पंखा बंद म्हणजे हवा हलत नाही, तुम्ही सोडलेला श्वास तुमच्याच तोंडापाशी साचत जातो. त्यांनी ते सावरलं, पण त्यानंतर झोलोबोव यांची तब्येत ढासळत गेली आणि ठरल्याआधीच, ४९ दिवसांनी, दोघं परतले. आतल्या हवेत उग्र वास येतो अशी चर्चा झाली, इंधनाची वाफ आत झिरपतेय असा संशय. कारण काहीही असो, दोन माणसांना तेवढ्याशा जागेत ४९ दिवस ठेवलं आणि हवेवर विश्वास उरला नाही की ते घर राहत नाही.

पण दुरुस्ती कशी केली ते बघण्यासारखं आहे, त्यासाठीच हवेला शून्य न देता दोन दिले. फेब्रुवारी १९७७ मध्ये सोयूझ २४ मधून व्हिक्टर गोर्बात्को आणि युरी ग्लाझकोव आले. पहिली रात्र आपल्या यानातच झोपले, दुसऱ्या दिवशी मास्क लावून आत गेले, हवेची तपासणी केली आणि विषारी काही सापडलं नाही. तरीही त्यांनी स्टेशनची जुनी हवा एका टोकानं बाहेर सोडत दुसऱ्या टोकानं आपल्याबरोबर टाकीतून आणलेली ताजी हवा भरली. घराची हवा बदलली, अवकाशात! खिडकी उघडून नाही, हळूहळू, दाब सांभाळत. २५ फेब्रुवारीला ते परतले आणि २६ ला फिल्मची कॅप्सूल उतरली. त्याच्या पुढची टीम मात्र जाऊ शकली नाही, स्टेशनमधलं इंधन कमी पडलं, कारण खाली, २७० च्या आसपास फिरायचं म्हणजे तिथेही विरळ हवा आहे, ती स्टेशनला सारखी खाली ओढते आणि इंधन जाळून पुन्हा वर चढावं लागतं. चांगले फोटो हवेत तर जवळ जा, जवळ गेलात तर आयुष्य कमी. आणि दरवाजा एकच असल्यामुळे इंधन आणून देणारं दुसरं कोणी येणार नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये गेलेल्या सिव्हिलियन सॅल्यूट ६ ला दोन दारं होती आणि प्रोग्रेस नावाचं सामानाचं यान त्यातल्या एका दारानं इंधन भरून द्यायचं, ते स्टेशन वर्षानुवर्षं चाललं. फरक एवढाच.

अमेरिकेच्या एमओएलशी तुलना टाळता येत नाही. त्यातही दोनच माणसं, त्यातही पोटात १.८ मीटर आरशाचा डोरियन कॅमेरा, जायला यायला जेमिनीचं यान ज्याच्या उष्णतारोधक कवचातच दार कापलेलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये एक रिकामा सांगाडा उडवून बघितला आणि १० जून १९६९ ला प्रोजेक्ट बंद, दीड अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाल्यावर. तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की माणूस न नेता तोच कॅमेरा उपग्रहावर चालतो. सोव्हिएत बाजूनंही १९७८ मध्ये माणसांचं अल्माझ थांबवलं, फक्त त्यांनी आधी ते प्रत्यक्ष उडवून, राहून, वास घेऊन मग ठरवलं. माझा कल त्यांच्याकडे आहे, कारण अंधारात गप्प झालेलं स्टेशन, बदललेली हवा, पुन्हा वापरलेलं पाणी, हे कागदावर बसून कळत नाही.

गच्चीवरचा तो ४.१५ मीटरचा गोल अजून पुसलेला नाही. तोच व्यास पुढे चालत राहिला, कारण सॅल्यूट १ घाईत करायचं ठरलं तेव्हा चेलोमेय यांच्याकडचे तयार सांगाडेच दुसऱ्या ब्युरोला दिले गेले. १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्या सॅल्यूट ७ वर राहून आले ते त्याच घराण्यातलं, नंतरच्या मीर स्टेशनचा मुख्य भाग त्यातलाच, आणि २००० साली आंतरराष्ट्रीय स्टेशनला जोडलेला झ्वेझ्दा हा भागही. वेळेत न झालेलं ते टीकेएस यानही वाया गेलं नाही, आंतरराष्ट्रीय स्टेशनचा झार्या हा भाग त्याच्यापासूनच झाला.

तिन्ही युनिटमधून एक निवडायचं म्हटलं तर मी सॅल्यूट ५ निवडेन. कॅमेऱ्याचं कौतुक जेवढं ३ चं तेवढंच त्याचं, तोफेचं ओझं नाही, आणि हवा बिघडली असा संशय आला तर ती बदलता येते हे तिथे दोन माणसांनी करून दाखवलं. फक्त मागचं दार मात्र त्यालाही एकच.